हाताखालची माणसं

माझ्या पदवीच्या कागदावर ज्या कुलगुरूंची सही आहे, त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. माझा अभ्यासक्रम कोणी ठरवला, पेपर कोणी काढले, तपासले कोणी, यातलं काहीही मला माहीत नाही. आमच्या कॉलेजातल्या सरांनाही माहीत नसायचं. परीक्षेच्या दिवशी पेपर हातात घेऊन तेही आमच्यासारखेच म्हणायचे, "अरे, हे कुठून विचारलं?"

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या बहुतेकांची गोष्ट अशीच आहे. शिकवतं एक कॉलेज आणि पदवी देतं दुसरंच कोणीतरी. याला 'संलग्नता' म्हणतात, आणि आपल्याला ती इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही विचित्र आहे असं वाटतही नाही.

२०२२ च्या जूनमध्ये पुण्याचं सीओईपी, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वतःच विद्यापीठ झालं. बातमी ग्रुपवर आली तेव्हा एका मित्रानं लिहिलं, "काय फरक पडतो? पॅकेज तेच राहणार ना?" मीही त्यावर हसण्याचा इमोजी टाकला. मी सीओईपीचा नाही. बारावीला मार्क तेवढे पडले नव्हते. पण हा प्रश्न नंतर डोक्यातून गेला नाही. खरंच, काय फरक पडतो? १८५४ साली सुरू झालेल्या संस्थेला स्वतःच्या पोरांना स्वतःची पदवी द्यायला २०२२ उजाडावं लागलं. १६८ वर्षं. एवढा वेळ का लागला?

उत्तर शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की गोष्ट पदवीपेक्षा मोठी आहे. इंजिनिअर म्हणजे कोण, असा तो प्रश्न आहे. सांगितलेलं काम करणारा, की काय करायचं हे ठरवणारा?

हवे होते ओव्हरसीअर

१८५४ चं साल डोळ्यांसमोर आणा. पेशवाई जाऊन ३६ वर्षं झाली आहेत. आदल्या वर्षीच, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली आहे. लोहमार्ग आता बोरघाट चढून पुण्याकडे यायचा आहे. उत्तरेत गंगेचा मोठा कालवा याच वर्षी सुरू झाला. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल आहे आणि सार्वजनिक बांधकाम खातं, म्हणजे आपलं पीडब्ल्यूडी, नव्यानं आकाराला येत आहे. रस्ते, पूल, धरणं, कचेऱ्या, बराकी असा कामांचा डोंगर समोर आहे.

या कामांचे आराखडे काढायला साहेब होते. त्यातले बरेच लष्करी इंजिनिअर होते, काही विलायतेतून आलेले. दगड फोडायला, माती वाहायला माणसं हवी तेवढी मिळत होती. अडत होतं ते मधल्या पायरीवर. साहेबाचं इंग्रजी आणि नकाशा समजणारा, गवंड्याशी मराठीत बोलणारा, जमिनीची साखळीनं मोजणी करणारा, उंचसखल पाहणारा, मजुरांची हजेरी घेणारा, झालेल्या कामाची मापं वहीत उतरवणारा माणूस हवा होता. तो विलायतेतून आणायचा तर परवडत नव्हता.

म्हणून जुलै १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. उद्देश सरळ होता: सार्वजनिक बांधकामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणं. इंग्रजीत त्यांना 'सबॉर्डिनेट' म्हणत. मराठीत सरळ सांगायचं तर हाताखालची माणसं. खात्यात या शब्दाला नेमका अर्थ होता. सब-ओव्हरसीअर, ओव्हरसीअर, सुपरवायझर ही 'सबॉर्डिनेट' शिडी. असिस्टंट इंजिनिअर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, सुपरिंटेंडिंग इंजिनिअर, चीफ इंजिनिअर ही वेगळी शिडी. पहिल्या शिडीवर हयात घालवली तरी दुसऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीला पाय लागेलच असं नव्हतं.

त्याआधी एक वेगळा प्रयत्न होऊन गेला होता. १८२३ मध्ये मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी 'इंजिनिअर इन्स्टिट्यूशन' काढली होती. तिथे इथल्या मुलांना गणित आणि मोजणी मराठी-गुजरातीतून शिकवत, आणि त्यासाठी इंग्रजी गणिताच्या पुस्तकांची मराठी रूपांतरं करवून घेतली होती. म्हणजे मराठीतून इंजिनिअरिंग शिकवण्याची कल्पना अलीकडची नाही, २०० वर्षांची आहे. पण ती संस्था १८३० च्या दशकात बंद पडली. पुण्याच्या शाळेचा रस्ता पुढे इंग्रजीचाच झाला.

संगमावरची इमारत

मुंबईहून येणारी गाडी शिवाजीनगर स्टेशन सोडते आणि नदी ओलांडून पुणे स्टेशनात शिरते. मुळा आणि मुठा जिथे एकत्र येतात तो हा संगम. त्याच्या काठावर कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. तिची कोनशिला ५ ऑगस्ट १८६५ ला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी बसवली. खर्च साधारण दीड लाख रुपये झाला. त्यातले ५० हजार सर कावसजी जहांगीर रेडीमनी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यानं दिले. 'सरकारी कॉलेज' म्हणतो त्याच्या पायात एक तृतीयांश खाजगी देणगी आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

याच सुमारास शाळेचं कॉलेज झालं आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे पुण्याच्या शाळेपेक्षा ३ वर्षांनी धाकटं. पण परीक्षा घेण्याचा आणि पदवी देण्याचा अधिकार धाकट्याकडे गेला. 'लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग', थोडक्यात एलसीई, ही परीक्षा मुंबई विद्यापीठाची, तयारी पुण्यात. आपल्या संलग्नतेचं मूळ हे असं आहे.

१८६५ मध्येच थिओडोर कूक प्राचार्य म्हणून आले आणि जवळजवळ तीन दशकं राहिले. आयर्लंडचे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले, मूळचे रेल्वे इंजिनिअर. वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल हे त्यांचं काम. पण आज वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्यांना 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' या ग्रंथासाठी ओळखतात. सह्याद्रीतली झाडं ओळखताना तो ग्रंथ अजूनही उघडावा लागतो.

पूल बांधणारा माणूस पानंफुलं गोळा करतो हे त्या काळाला धरूनच होतं. कूक यांच्याच कारकिर्दीत, १८८० च्या आसपास, शेती आणि वनशास्त्राचे वर्ग सुरू झाले आणि कॉलेजचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं. पुण्याचं कृषी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं झालं, त्याचं बी या वर्गांत आहे. हाताखालची माणसं तयार करायला काढलेल्या शाळेत आता विज्ञान शिकवत होते. आणि एकदा विज्ञान शिकवायला लागलं की विद्यार्थी किती शिकेल यावर कोणाचा ताबा राहत नाही.

विश्वेश्वरय्या आणि वरची पायरी

म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन एक मुलगा बंगळुरूहून पुण्याला आला. १८८३ च्या एलसीई परीक्षेत पहिला आला. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात थेट असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. हाच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. सबॉर्डिनेट शिडीला वळसा घालून तो वरच्या शिडीवर पोचला होता.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी नाशिक आणि खानदेशात काम केलं. धुळ्याकडे पांझरा नदीखालून पाणी पलीकडे नेणारा सायफन हे त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. नंतर नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. गावातली जमीन ठरावीक गटांत वाटायची, पिकं आलटून पालटून घ्यायची आणि पाणी नियमानं द्यायचं, म्हणजे ते जास्त शेतकऱ्यांपर्यंत जातं. आपल्याकडे उसाच्या पाण्यावरून आज जे वाद चालतात, त्यांचं पहिलं पान तिथे सापडेल.

त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध काम खडकवासल्याचं. पुण्याला पाणी देणारं हे दगडी धरण १८७० च्या दशकात उभं राहिलं होतं. त्याची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं होतं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवायची रचना केली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढेतो दरवाजे बंद राहतात, पूर आला आणि पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोरानं उघडतात, पाणी उतरलं की पुन्हा मिटतात. मध्यरात्री कोणी चावी फिरवायला धावायची गरज नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑटो-स्केलिंग, फक्त दगड आणि लोखंडातलं. १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसले. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं होतं.

आणि मग १९०८ मध्ये, पन्नाशीच्या आत, त्यांनी नोकरी सोडली. कारण उघड होतं. मुंबई इलाख्यात चीफ इंजिनिअरची खुर्ची साहेबांसाठी होती. लंडनजवळ कूपर्स हिल इथे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला खास हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं, मुख्यतः ब्रिटिश तरुणांसाठी. वरची भरती तिथून होई. पुण्याहून निघालेला सर्वांत हुशार विद्यार्थीसुद्धा शेवटी त्या पायरीखाली थांबणार होता.

ते म्हैसूरला गेले. तिथे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते, कावेरीवर कृष्णराजसागर उभं केलं. १९१७ मध्ये त्यांच्या पुढाकारानं बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. आपल्यापैकी कितीतरी जण आज त्या शहरात नोकरी करतात. पुण्याच्या कॉलेजनं त्याला इंजिनिअर केलं, पण त्या इंजिनिअरला ठरवण्याचा अधिकार मिळाला तो पुण्याच्या सरकारी नोकरीबाहेर.

कंत्राटदाराच्या नजरेतून

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे: गोरा साहेब वर, आपला हुशार माणूस खाली. पण त्या हुशार माणसाच्याही खाली कोणीतरी होतं. ते दिसण्यासाठी बांधकामाच्या जागेवर जावं लागतं, आणि तिथे आपल्याला जोतीराव फुले भेटतात.

फुले आपल्याला शिक्षक आणि समाजसुधारक म्हणून माहीत आहेत. पण त्यांचं पोट कंत्राटदारीवर चालत होतं. सरकारी बांधकामांना साहित्य पुरवण्याची कंत्राटं ते घेत, त्यात खडकवासल्याचं कामही होतं. म्हणजे इंजिनिअर खातं त्यांनी रोजच्या व्यवहारात पाहिलं होतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त मामलेदार, कलेक्टर, रेव्हेन्यू यांच्या बरोबरीनं इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांवर त्यांनी एका प्रकरणात झोड उठवली आहे. साहेबाला इथली भाषा येत नाही, मजुराला साहेबाची येत नाही. मध्ये बसलेला माणूस दोघांचंही तोंड आणि दोघांचाही कान. मग मजुराच्या पदरात काय पडतं, हे त्या मधल्या माणसाच्या मर्जीवर.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारावर जातीची पाटी नव्हती. पण तिथवर पोचायला आधी इंग्रजी शाळा लागे आणि ती कोणाच्या पोरांना मिळत होती हे उघड आहे. कॉलेजच्या कौतुकाच्या लेखांत ही बाजू येत नाही. मला ती महत्त्वाची वाटते, कारण 'हाताखालचा' हा शब्द सापेक्ष आहे. ओव्हरसीअर साहेबाच्या हाताखाली, पण मजुरावर त्याचीच सत्ता.

हे दार हळूहळू, आणि बरंच उशिरा, उघडलं. वाईजवळच्या पसरणी गावचे बी. जी. शिर्के १९४३ मध्ये इथून सिव्हिल इंजिनिअर झाले आणि पुढे देशातल्या मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एक त्यांनी उभी केली. लीला पूनावाला १९६७ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडल्या. कॉलेजच्या त्या शाखेतून इंजिनिअर झालेल्या त्या पहिल्या महिला. तोवर कॉलेज सुरू होऊन ११३ वर्षं झाली होती.

चार कॉलेजं

१९११ मध्ये कॉलेजचं नाव पुन्हा बदललं आणि 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' झालं. सीओईपी ही अक्षरं तिथून आली. सिव्हिलच्या जोडीला मेकॅनिकल, मग इलेक्ट्रिकल आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मेटलर्जी आणि टेलिकम्युनिकेशन आलं. याच टेलिकम्युनिकेशन शाखेतून १९५६ मध्ये थॉमस कैलाथ बाहेर पडले. ते पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. तुमच्या फोनमध्ये आवाज आणि डेटा ज्या गणितानं गोंगाटातून वेगळा काढला जातो, त्या विषयातलं हे जगभरात घेतलं जाणारं नाव.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि कॉलेज मुंबईकडून तिकडे गेलं. मालक बदलला, व्यवस्था तीच राहिली.

इथे थोडं देशाकडे पाहू. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात चार जुनी इंजिनिअरिंग शिक्षणाची केंद्रं उभी राहिली. मद्रासजवळ गिंडीची सर्व्हे शाळा १७९४ ची, रुरकी १८४७ चं, पुणे १८५४ चं, आणि कलकत्त्याचं, पुढे शिबपूरला गेलेलं कॉलेज १८५६ चं. रुरकी १९४९ मध्येच विद्यापीठ झालं आणि २००१ मध्ये आयआयटी. गिंडी १९७८ मध्ये अण्णा विद्यापीठाचं केंद्र झालं. शिबपूरला २००४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २०१४ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. राहिलं पुणे.

दरम्यान आयआयटी निघाल्या. मुंबईची १९५८ मध्ये सुरू झाली. १९६१ च्या कायद्यानं या संस्थांना अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या तिन्हींचे अधिकार मिळाले. शंभरी ओलांडलेलं पुण्याचं कॉलेज मात्र अभ्यासक्रमात एक विषय बदलायचा तरी विद्यापीठाच्या मंडळाकडे जात होतं. त्या मंडळाला शेजारच्या इतर कॉलेजांचाही विचार करावा लागे. सगळ्यांना झेपेल तेवढंच सगळ्यांना शिकवायचं, हा संलग्नतेचा न लिहिलेला नियम असतो. मी त्याच नियमात शिकलो, म्हणून सांगतो.

१२ जुलै १९६१

पुण्यात ही तारीख सांगितली की जुनी माणसं अजूनही गप्प होतात. खडकवासल्याच्या वर पानशेतला मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी वेगानं चढलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत धरण वाचवायची धडपड करत होते. सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याची भिंतही तोडली आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

खडकवासला म्हणजे तेच धरण, ज्याच्या दरवाज्यांनी कॉलेजच्या सर्वांत नामवंत विद्यार्थ्याचं नाव झालं होतं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. ते १९६२ च्या एप्रिलमध्ये गेले.

पानशेतला कोण किती चुकलं, हा चौकशीचा विषय होता आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातून एकच गोष्ट उचलायची आहे. साहेब जाऊन तोवर १४ वर्षं झाली होती. चीफ इंजिनिअरच्या खुर्चीत आपलीच माणसं होती. म्हणजे वरची पायरी मिळाली होती. पण घाईच्या वेळी "थांबा, हे अजून तयार नाही" असं म्हणण्याची आणि ते ऐकून घेतलं जाण्याची सवय पायरीबरोबर आपोआप येत नाही. ती वेगळी शिकावी लागते. कॉलेजचं ब्रीद तीन शब्दांचं आहे: सामर्थ्य, सत्य, सहनशीलता. यातलं पहिलं आणि तिसरं परीक्षेच्या तयारीत आपोआप येतं. मधलं येत नाही.

माझ्या कामात माती फुटत नाही, पण 'रिलीज डेट ठरली आहे' हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. टेस्टिंग बाकी आहे हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे लॅपटॉपकडे बघत असतात. हाताखालचं असणं हे पदनामात नसतं, सवयीत असतं.

अभ्यासक्रमात नसलेलं

ही सवय मोडायची संधी कॉलेजात कुठे मिळते? सीओईपीच्या बाबतीत मला दोन जागा दिसतात, आणि दोन्ही वर्गाबाहेरच्या आहेत.

पहिली म्हणजे बोट क्लब. १९२८ पासूनचा. कॉलेजच्या मागेच नदी, त्यामुळे नावा वल्हवणं हा इथला खेळ झाला. दरवर्षी 'रेगाटा' होतो. मुलंमुली शेल, कयाक, पंट अशा नावांतून पाण्यावर रचना करून दाखवतात, काठावर पुणेकर गर्दी करतात. जलपर्णी आणि सांडपाणी यांनी नदीची जी अवस्था केली आहे ती पाहता हा कार्यक्रम होतो हेच विशेष. त्याचा सराव, व्यवस्था, पैसे उभे करणं हे बहुतेक विद्यार्थीच सांभाळतात. तिथे बसलेल्याला नदीचा वास टाळता येत नाही. शहराच्या पाण्याचा प्रश्न त्याला पुस्तकाच्या आधी नाकानं कळतो.

दुसरी जागा म्हणजे 'स्वयम्'. २००८ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ठरवलं की आपण उपग्रह बनवायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या विषयाच्या मार्कांत ते बसत नव्हतं. जेमतेम एक किलोचा, साधारण १० सेंटिमीटरचा चौकोनी डबा. हौशी रेडिओवाल्यांना त्याच्यामार्फत एका ठिकाणाहून दुसरीकडे संदेश पोचवता यावा, हा हेतू. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवायला सहसा वीज खाणारी यंत्रणा लागते. यांनी आत चुंबक बसवलं, जे होकायंत्राच्या सुईसारखं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर जुळून राहतं. खडकवासल्याच्या दरवाज्यांची आठवण होते ना? बाहेरून कोणी चालवायला नको, निसर्गाच्या जोरावरच काम व्हावं.

२२ जून २०१६ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ नं २० उपग्रह नेले, त्यात 'स्वयम्' होता. कल्पना सुचल्यापासून ८ वर्षं गेली होती. ज्यांनी सुरुवात केली ते केव्हाच नोकरीला लागले होते. दर दोन-तीन वर्षांनी काम पुढच्या बॅचच्या हाती जात राहिलं, आणि तरी ते टिकलं. ज्यांनी एखाद्या कंपनीत कोणीतरी सोडून गेलेला कोड सांभाळला आहे, त्यांना कळेल हे किती अवघड असतं.

कायद्यानं काय बदललं

२००३ मध्ये कॉलेजला स्वायत्तता मिळाली. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती आल्या, पदवी मात्र पुणे विद्यापीठाचीच राहिली. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळानं स्वतंत्र कायदा केला आणि २३ जूनपासून सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आलं. हे एकल विद्यापीठ आहे, म्हणजे त्याला इतर कॉलेजं जोडलेली नाहीत. रायगड जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याची रचना वेगळी. ते संलग्न कॉलेजंही सांभाळतं.

आज इथे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन, मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग अशा शाखा आहेत, नगररचनेची वेगळी पदवी आहे, वर एमटेक आणि पीएचडी. प्रवेश राज्याच्या सीईटीतून आणि जेईईतून होतो. हे सगळं प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत मिळतं. त्यात न मिळणारी गोष्ट अशी की आता 'विद्यापीठानं परवानगी दिली नाही' हे कारण कोणाला सांगता येणार नाही. सिलॅबस जुना राहिला तर दोष स्वतःचाच.

अधिकाराबरोबर पैशाचा प्रश्नही येतो. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे सरकारनं खर्च उचलायचा आणि शुल्क सामान्य घरातल्या मुलाला परवडेल इतकं ठेवायचं. हा हिशेब बिघडला तर दार पुन्हा अरुंद होईल. मागच्या वेळी ते रुंद व्हायला १०० वर्षं लागली, हे विसरून चालणार नाही.

मित्राच्या प्रश्नाकडे परत येतो. काय फरक पडतो? पॅकेजमध्ये कदाचित काहीच नाही. कॅम्पसला तेव्हा पीडब्ल्यूडी यायचं, आता सॉफ्टवेअर कंपन्या येतात. त्यांनाही मधल्या पायरीवरचीच माणसं हवी असतात: साहेबाचं इंग्रजी कळणारी, नेमून दिलेलं काम वेळेत पुरं करणारी. आमची साखळी आणि मापवही फक्त स्क्रीनवर आली आहे. आराखडा बहुतेक वेळा दुसऱ्याच देशात ठरतो. मी त्या माणसांपैकी एक आहे आणि त्या पगारावरच माझं घर चालतं, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्याच कॉलेजच्या मागून एक नदी वाहते. तिला पूर येतो तेव्हा खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचे आकडे आपण फोनवर बघत बसतो. ती उन्हाळ्यात सांडपाण्यानं वाहते. तिच्या काठाचं काय करायचं यावर शहरात भांडण चालू आहे. काठावरच्या विद्यापीठात सिव्हिलचे, नगररचनेचे, कॉम्प्युटरचे विद्यार्थी शिकतात आणि काय शिकायचं हे आता तेच ठरवू शकतात. त्यांच्यापैकी कोणी पुढच्या वर्षी या नदीलाच विषय म्हणून घेतलं, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. मित्राला मी हेच उत्तर द्यायला हवं होतं. इमोजी टाकायची घाई झाली.